मुठीतल्या अक्षता

अंतरपाट धरला गेला, तशी रोहिणीनं संस्कृतीच्या मुठीत अक्षता भरल्या आणि आपलं कोपर लेकीच्या कोपराला लावून ठेवलं. मायलेकींचं तसं ठरलंच होतं. भटजी 'सावधान' म्हणाले की रोहिणीनं कोपरानं ढोसायचं आणि संस्कृतीनं अक्षता टाकायच्या. आठ वर्षांच्या संस्कृतीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मागच्या लग्नात इतरांचे हात वर गेलेले बघून तिनं अक्षता टाकल्या होत्या. त्या दर वेळी उशिरा, एकट्याच पडल्या, आणि पुढच्या रांगेतल्या पोरी वळून वळून हसल्या. आज सगळ्यांच्या बरोबरीनं टाकायच्या, एवढंच तिचं मागणं होतं.

सुट्टी लागली की पोरं हरखतात. संस्कृतीचं उलटं होतं. नगरच्या निवासी शाळेत तिला मैत्रिणी होत्या, हातवाऱ्यांनी भांडणं होती, चहाड्यासुद्धा होत्या. इथं पुणतांब्यात घरचे सगळे जीव टाकायचे, पण 'जेवली का' आणि 'झोप' याच्या पुढं कुणाचे हात चालत नव्हते. रोहिणीचेही नाहीत. मग पोर रोज सकाळी अंगणात एकटीच ताठ उभी राहायची, हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी वर करून. समोरची कोंबडी हलली की तिच्याकडं बोट दाखवायची आणि हात झटकायची. असला कसला खेळ, म्हणून रोहिणी हसायची आणि भाकरी थापायला लागायची.

"रोहिणे, ऊठ! नवरीमागं दिवा कोन धरनार?" सासू गोजरबाईनं स्टेजवरून हाक मारली.

"आत्याबाई, ही एकटी बसंल. दुसरं कुनी…"

"नवरीची चुलती तू, अन् दुसरं कुनी? चल लवकर, भटजी थांबल्यात."

रोहिणीचा इलाज चालेना. तिनं लेकीची हनुवटी धरली आणि आपल्या ओठांवर बोट टेकवलं. माझ्या तोंडाकडं बघ. पोरीनं मान डोलावली. ओठ वाचायला तिला शाळेत शिकवलं होतं.

दिव्याचं ताट दोन्ही हातांनी सांभाळत रोहिणी नवरीमागं उभी राहिली. पहिलं मंगलाष्टक संपत आलं. तिनं संस्कृतीकडं बघून ओठ चांगले ताणले. "सावधान!"

मांडवभर अक्षता उडाल्या. संस्कृती खुर्चीवरून ताडकन उठली, पाय जुळवले, हात मांड्यांना चिकटवले आणि तशीच राहिली. मूठ घट्ट मिटलेली.

"ए पोरी, बस खाली, नवरी दिसंना," मागची म्हातारी ओरडली. पोरीला ऐकू येत नाही, हे म्हातारीला कोण सांगणार?

दुसऱ्या अष्टकालाही तेच. मग नवरदेवाच्या मामांनी माईक घेतला. त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक एकेका सोयऱ्याच्या गावाला थांबा घेत निवांत चाललं. तोवर पुढच्या रांगेतल्या पोरींना पत्ता लागला होता. एकीनं दुसरीला चिमटा काढला, आणि सगळी रांग मागं वळून खिदळायला लागली. टाक की गं बाई, टाक, असं रोहिणीच्या मनात चाललं होतं. हात मोकळे असते तर खूण तरी केली असती. ती दर वेळी आणखी ओठ ताणून 'सावधान' म्हणत राहिली, आणि पोर दर वेळी आणखी ताठ होत गेली. रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंतरपाट सरला. वाजंत्री कडाडली, टाळ्या पडल्या, आणि अख्खा मांडव जेवणाच्या पंगतीकडं धावला. फोटोवाल्यानं रोहिणीला बराच वेळ सोडलं नाही.

ती खाली उतरली तेव्हा रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध संस्कृती तशीच उभी होती. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. गालावर माशी बसली होती, तिनं तीसुद्धा उडवली नव्हती.

"चल बाई, जेवाया चल," म्हणत रोहिणीनं तिचा हात धरला. हात मांडीपासून सुटेना. पोर रडत असेल असं तिला वाटलं होतं. पण संस्कृतीचे डोळे चमकत होते. बघ, मी हलले नाही, असंच ते सांगत होते.

तेव्हा रोहिणीला अंगणातला तो सकाळचा खेळ आठवला. तिच्या स्वतःच्या शाळेतले कवायतीचे मास्तर आठवले. सावधान म्हणायचे, आणि जो हलेल तो बाद. दर अष्टकाला हुकूम तिनंच दिला होता. पुढचा हुकूम द्यायला मात्र कुणीच आलं नव्हतं.

तिनं इकडंतिकडं बघितलं. नवरा-नवरीसुद्धा पंगतीला गेली होती, मांडवात दोघींशिवाय कुणी नव्हतं. रोहिणी लेकीसमोर येऊन उभी राहिली, पदर सावरला आणि ओठ मोठे करून म्हणाली, "विश्राम."

संस्कृतीचे पाय सैल झाले. मूठ उघडली. थोड्या अक्षता पायाशी पडल्या, बाकीच्या घामानं तळव्याला चिकटून राहिल्या. कुंकवाचा रंग तळहातभर उतरला होता.

मग तिनं तोच हात पंगतीकडं केला. नवरा-नवरी, भटजी, मामा, खिदळणाऱ्या पोरी, आजी, सगळ्यांवरून बोट फिरवलं आणि हात झटकला. सगळे हलले. सगळे बाद. शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवून तिनं एक बोट वर केलं आणि आईकडं बघत राहिली.

"व्हय बाई," रोहिणी म्हणाली, "तू एकटीच."