तीन नंबरची वायर

पिकअपने पाचव्यांदा मिसिंग मारलं तेव्हा मेकॅनिकने गॅरेजला कुलूप घातलं आणि सकाळी सातलाच गाडीमालकांच्या दारात जाऊन उभा राहिला. आजवर प्लग बदलून झाले होते, वायरी बदलून झाल्या होत्या, कॉइलही नवी घातली होती. गॅरेजमधून गाडी गुमान निघायची आणि दुसऱ्या दिवशी फट्... फट्... करत, उचकी लागल्यासारखी पुन्हा हजर. स्टँडवरचे ड्रायव्हर तर आता मेकॅनिकला पाहिलं की उचकी लागल्याचं सोंग करत. वीस वर्षांत कमावलेलं नाव एका सिलिंडरपायी धुळीला मिळत होतं.

"आज शेवटचं," मालक म्हणाले. "नाही सापडलं, तर गाडी दुसऱ्याकडे जाईल." आणि जाता जाता अंगणातली एक वाकडी चप्पल पायाने सरळ करून ते अंघोळीला गेले. मालकांना घरात काहीच वाकडं खपत नसे.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि एकेक वायर उपसून पाहायला लागला. पहिली काढली, इंजिन आणखी अडखळलं. दुसरी काढली, तेच. चौथी, तेच. तिसरी काढली, तर इंजिनाला त्याचा पत्ताच नाही. म्हणजे तिसरं सिलिंडर आधीच झोपलेलं होतं. त्याने वायर परत लावून वरचं रबर नीट दाबलं. टक् झालं, आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

वायर नुसती अर्धी उपसलेली होती; वरून पाहणाऱ्याला बसलेलीच वाटावी, अशी. दर वेळी नवा प्लग घालून मेकॅनिक वायर दाबून बसवायचा, गाडी बरी व्हायची, आणि हा शहाणा सगळं श्रेय प्लगला द्यायचा. मेकॅनिकने कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात त्याला रबरावर दोन बोटांचे पांढरे ठसे दिसले. पिठाचे.

मान वर केली, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत मालकांची बायको आणि तिच्या खांद्याआडून डोकावणारी मालकांची आई.

"वहिनी, हे काय?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"तुम्हीच नाही का दाखवलंत, भाऊ? ही सैल झाली की फटफटते म्हणून."

"अहो, पण कशासाठी?"

उत्तर आईने दिलं. "पहिल्यांदा खरंच बिघडली होती रे बाबा. तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायचं, आला म्हणून. ते पंधरा दिवस काय सुखात गेले! रेडिओ बंद करायला, खुर्च्या जागेवर लावायला, मला पांघरुणात शिरायला, सगळ्याला वेळ मिळायचा."

"पांघरुणात?"

"नाचून धाप लागलेली दिसायला नको ना," सून म्हणाली. "आईंचे गुडघे दुखतात, त्यांनी पलंगावरून उतरायचं नाही, असा ह्यांचा हुकूम आहे."

"दुखतात, पण त्याला वाटतात तेवढे नाहीत," आई म्हणाली. "तू गाडी नीट केलीस ना, त्या दिवशी मी रेडिओसकट पांघरुणात शिरले. आत बातम्या चालू, आणि मी खोकत पडलेय!"

मेकॅनिकला हसू आवरेना आणि घामही आवरेना. खरं सांगावं तर आपलं नाव वाचतं, पण या दोघींचं नाचणं संपतं. न सांगावं तर गॅरेजला कायमचं कुलूप. त्याला त्या म्हातारीचा भयंकर राग आला, आणि ती फार आवडलीही.

न्हाणीघराचं दार वाजलं. खिडकी रिकामी झाली.

"काय निघालं?" मालकांनी विचारलं.

"सापडलं!" मेकॅनिकने ठोकून दिलं. "तीन नंबरला करंट साचतो, मालक. घराजवळ आलात की कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत यायचं. रोज. साचलेला करंट उतरून जातो. त्यावरही मिसिंग मारलं, तर माझं नाव बदला."

तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला मारायची ही थाप नव्हे, हे ती तोंडातून बाहेर पडता पडताच त्याला कळलं.

मालकांनी वाकून त्या रबरावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आतून आईचं विव्हळणं सुरू झालं, जरा जास्तच मनापासून. मालकांचा चेहरा उतरला. आपण घरी येतोय याची आगाऊ खबर आपल्याच माणसांना लागते, हे कुणाच्याही जिव्हारी लागावं. मेकॅनिकने पाने पुसायला घेतले. एकच पाना तो तीनदा पुसत राहिला.

मालकांनी बॉनेट हळूच खाली घेतलं.

"कोपरा फार जवळ पडतो," ते म्हणाले. "पुलापासूनच वाजवत येतो. आईची धावपळ नको व्हायला."