शिवेवरचं टोपलं

वैशाखाच्या उन्हात रुपीबाई ओट्यावर बसून पालथ्या टोपल्याकडे टक लावून होती. टोपलं तिच्या आणि विमलताईच्या अंगणांमधल्या सपाट दगडावर होतं. त्याच्याखाली दोघींचं भांडण झाकलेलं होतं.

हसू नका. महागावच्या त्या गल्लीत हा कायदाच होता. या दोघी तोंड सोडायला लागल्या की लिंबावरचे कावळे पिलं उचलून पुसदला मुक्कामाला जात. पण पाहुणे आले, भाकर करपायला लागली, की दोघींपैकी एक दगडावर टोपलं पालथं घालायची. मग चूप. सवड झाली की जिनं घातलं तिनंच ते उचलायचं, आणि अर्ध्यावर राहिलेल्या शिवीपासून पुढं चालू. दुसरीनं हात लावला तर ती हरली.

मूळ एका वरवंट्यात होतं. रुपीबाईच्या आईनं तिला सासरी जाताना दिलेला. विमलताईनं तो पोरीच्या लग्नात मसाला वाटायला नेला. ती म्हणे, परत केला. ही म्हणे, कधी? तेव्हापासून रुपीबाई नदीतल्या गोट्यानं चटणी वाटायची आणि घरादाराला कचकच खाऊ घालायची.

या खेपेचं टोपलं विमलताईचं. यवतमाळच्या दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिनं सगळा माळा झाडून काढला. धुळीनं रुपीबाई खोकून खोकून बेजार, त्यावरून जुंपली. सकाळी टोपलं घातलेलं दिसलं. ऑटोत बसता बसता विमलताई थांबली.

"रुपे, या टायमाले टोपलं तू उचलजो."

रुपीबाई मनातल्या मनात हसली. मले हरवाले पाहून राह्यली, मरतुकडी. तिनं नव्या शिव्या जमवल्या, त्यांना धार लावली आणि वाट पाहत बसली. टोपल्यावर लिंबाचा पाला साचत गेला.

ओट्यावर नात पायल मोबाईल वाचत होती. कुठल्याशा दोन देशांत युद्धविराम झाला म्हणाली. म्हणजे मिटलं काय, असं रुपीबाईनं विचारलं. पायल म्हणाली, नाही, गोळ्या थांबल्या, भांडण तसंच आहे.

"म्हंजे टोपलं," रुपीबाई म्हणाली. "मंग ते उचलते कोण?"

"उचलाले कायले पाह्यजे, आजी? बोलणी करतेत. त्याच्यासाठीच तं गोळ्या थांबोतेत."

इतक्या वर्षांत टोपल्याचा हा उपयोग रुपीबाईच्या डोक्यात आला नव्हता. ती उठली. दगडापर्यंत गेली. हात पुढं केला, आणि मागं घेतला. घरी तर येऊ दे तिला, मग पाहू.

विमलताई दुसऱ्या दिवशी आली. पांढऱ्या गाडीतून, पांढऱ्या कापडात.

सारी गल्ली रडली. रुपीबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बाया एकमेकींना कोपर मारून तिच्याकडे दाखवत होत्या. माणसं मसणाकडे निघाली, अंगण रिकामं झालं, तेव्हा ती दगडाशी गेली. हरली तं हरली, म्हणाली. साऱ्या शिव्या ओठांवर घेऊन तिनं टोपलं उचललं.

खाली तिच्या आईचा वरवंटा होता. घासून धुतलेला, हळदकुंकू लावलेला.