काटेकोर माणूस

पायातले बूट काढून तो सरळ पलंगावर आडवा झाला. मेट्रनबाई बघतच राहिल्या. या वृद्धाश्रमात आईला दाखल करायला आलेली मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण आईच्या आधी स्वतःच झोपून बघणारा हा पहिलाच.

"इथून दिवा थेट डोळ्यांत येतो," छताकडे बघत तो म्हणाला.

"बदलून घेऊ."

"गादीही मधे बसलीये."

"तीही बदलू."

तो जरा हिरमुसला. जन्मभर कारखान्यात माल तपासायची नोकरी केलेला माणूस. खोक्यातला एक नग खराब निघाला की हा अख्खा लॉट परत पाठवायचा, मग मालकाचा मेहुणा आडवा आला तरी बेहत्तर. निवृत्त झाला, पण नजर काही निवृत्त झाली नाही. आणि खरं सांगायचं तर आज त्याला माल पास करायचाच नव्हता. आईचं सगळं आजवर त्यानं एकट्यानं केलं होतं. भरवणं, न्हाऊ घालणं, रात्री उठून चादरी बदलणं. आता कंबर साथ देईना, डॉक्टरांनीही त्याला उचलाउचल बंद करायला सांगितलं होतं. तरी आपल्यासारखं आईचं दुसऱ्या कुणाला जमेल हे कबूल करणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"दादा, देव स्वतः येऊन आईला सांभाळतो म्हणाला ना, तरी तू आधी त्याची नखं बघशील," बहिणीनं काल फोनवर सुनावलं होतं. "इथेही नाक मुरडलंस तर मी पुन्हा यात पडणार नाही. तू आणि आई, काय ते बघून घ्या."

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बऱ्याच दिवसांपासून ती त्याला ओळखत नव्हती. कधी 'अहो' म्हणायची, कधी 'भाऊ'. त्याचं मला काही वाटत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा.

पलंगावरून उठून तो न्हाणीघरात गेला. नळाखाली मनगट धरून पाणी फार कढत तर येत नाही ना, ते पाहिलं. भिंतीवरच्या दांड्याला अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळला. टॉवेल नाकाला लावला. मग उशाची घंटा दाबली, तर कामवाल्या मावशी ओल्या हातांनीच धावत आल्या. काय हवं, त्यांनी विचारलं. काहीच नको होतं. तो आणखीच चिडला.

शेवटी व्हरांड्यात ऊन खात बसलेल्या एका आजोबांना त्यानं गाठलं. "जेवण कसं असतं हो इथलं?"

"मीठ कमी असतं," आजोबा म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. त्यानं वळून मेट्रनबाईंकडे पाहिलं.

"मलाच कमी देतात. माझा रक्तदाब वाढतो ना," आजोबांनी पुढे सांगितलं, आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला.

खोलीत परत आले तेव्हा मावशी आईला चहा पाजत होत्या. घाई नाही, गडबड नाही. एक घोट झाला की थांबायचं, गिळलंय ना ते बघायचं, मग दुसरा. तो दारातच उभा राहून बघू लागला. बघण्यासारखंच होतं ते, आणि तेच त्याला बघवेना.

इतक्यात आईचा हात कपाला लागला. चहा तिच्या मांडीवर सांडला. मावशींनी खुर्चीमागच्या खुंटीवरचा नॅपकिन घ्यायला झटकन हात वर केला.

आईनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मान खाली, खांदे कानांपर्यंत वर. "चुकलं, चुकलं. पुन्हा नाही सांडणार. मी पुसते, मी पुसते."

"हे! हे बघा!" तो ओरडलाच. आवाजात संताप होता, आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही होता. शेवटी सापडला एकदाचा खराब नग. "म्हातारी माणसं उगाच नाही अशी घाबरत. हात उगारता तुम्ही लोक! लाज वाटत नाही? काही ठेवायचं नाही मला हिला इथे. चल आई."

बॅग उचलायला तो वाकला.

"साहेब," मेट्रनबाई म्हणाल्या, "आजींना इथे येऊन अजून तासही झाला नाही."

तो वाकलेलाच राहिला.

"मावशींनी त्यांना आज पहिल्यांदा पाहिलंय. घरी कोण बघतं यांचं?"

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. रात्रीत तिसऱ्यांदा ओली झालेली चादर, सांडलेलं दूध, भरवताना तोंडावर थुंकलेला घास, झोप नाही, बोलायला माणूस नाही. बॅगेचा पट्टा तेवढा त्यानं घट्ट धरून ठेवला.

मावशी खाली बसून आईची मांडी टिपत होत्या. आईनं बोटांच्या फटीतून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हळूहळू हात खाली घेतले. मग मावशींना जवळ यायची खूण केली आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं कुजबुजली,

"त्या माणसाला रागावू नका हं, बाई. वाईट नाही तो. दमतो बिचारा, मग उठतो हात." जरा थांबून तिनं दाराकडे पाहिलं. "फक्त माझ्या मुलाला कळू देऊ नका. तो फार काटेकोर आहे. याला उभ्या उभ्या कामावरून काढून टाकेल."