रतिलाल मास्तरांची शिफारस

"शिवणवर्गाचा फॉर्म नको, गुरुजी. शिवण येतं मला," पडद्याआडून आवाज आला.

रतिलाल मास्तरांनी तो फॉर्म खुशीत बाजूला सारला. सातवीच्या फायनलचा निकाल लागला, की कुणाला तलाठ्याच्या परीक्षेला बसवायचं, कुणाला कंपाउंडरकी शिकायला धाडायचं, हे ते घरोघर फिरून ठरवून देत. नंदुरबारात वीस वर्षं हाच उद्योग. पण मुलीसाठी फॉर्म घेऊन निघाले ते आज पहिल्यांदाच.

निकालाच्या यादीत 'अख्तरबानो इद्रिस' हे नाव वाचलं आणि मास्तरांचे पाय जमिनीवर ठरेनात. शाळेचं तोंड न पाहता, घरच्या घरी शिकून, बुरख्यात धुळ्याला जाऊन परीक्षा दिलेली. आणि जिल्ह्यात तिसरी!

समोर इद्रिस बसला होता. पुस्तकं बांधून देणारा, अबोल माणूस. उजव्या हाताच्या दोन बोटांना त्यानं चिंधी गुंडाळली होती.

"मग नर्सिंग?" मास्तरांनी विचारलं.

"बाळंतपणं फार जवळून पाहिलीत मी. मला शिकवायचंय."

मास्तरांना हेच ऐकायचं होतं. पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज, दोन वर्षांचा कोर्स, राहायला वसतिगृह. तालुक्यातून एकाच मुलीची शिफारस करता येत होती आणि टपाल चारला निघणार होतं. आज सही झाली नाही, तर संधी गेली.

"एक प्रश्न विचारतो. वर्गाला अपूर्णांक कसा शिकवशील, पोरी?"

"भाकरीवरून. तीन भाकऱ्या, खाणारी मुलं चार. प्रत्येक भाकरीचे चार चतकोर केले, की प्रत्येकाला तीन चतकोर. रोज सोडवते मी हे गणित."

"शाबास!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. असलं उत्तर त्यांच्या शाळेतल्या ट्रेनिंग झालेल्या मास्तरांनाही सुचलं नसतं.

"वसतिगृहातून सुट्टीला घरी येता येतं ना?" आवाज जरा कापला.

"दिवाळीत, उन्हाळ्यात. आठवण येईल, पण रडत बसायचं नाही."

"सोसेन मी," ती म्हणाली.

मास्तरांनी मोर्चा इद्रिसकडे वळवला. अशा घरातली खरी अडचण कुठे असते, ते त्यांना ठाऊक होतं.

"इद्रिसभाई, कोर्स चालू असताना तिचं लग्न काढाल, तर माझ्याशी गाठ आहे! वचन द्या."

इद्रिसनं मान खाली घातली. "खुदानी कसम, मास्तर. तिन्हं लगीन लावाना मन्हा काहीच इचार नही शे."

"आणि ती गेल्यावर घरचं कोण बघणार?"

"मी शे ना. भाकरी टाकानं शिकी ऱ्हायनू." त्यानं चिंधी गुंडाळलेली बोटं पुढे केली. "तुमी सही करी टाका."

मास्तरांना हा माणूस फार आवडला. मुलीसाठी बोटं भाजून घेणारा बाप त्यांनी सबंध खानदेशात पाहिला नव्हता.

"आईचं काय म्हणणं?"

"अम्मीचा होकार आहे," पडद्याआडून लगेच उत्तर आलं. "तिनंच दुवा दिली."

"मग झालं तर! वय तिशीच्या आत हवं, एवढीच अट."

"आतच आहे, गुरुजी."

मास्तर मोठ्यानं हसले. हे काय सांगायला हवं? वयाचा रकाना तिनंच भरावा म्हणून त्यांनी मोकळा सोडला आणि शिफारशीत सढळ हातानं लिहिलं: अशी हुशार बालिका माझ्या पाहण्यात नाही. खाली झोकदार सही ठोकली. फॉर्म पडद्याखालून आत गेला, रकाना भरून, घडी घालून बाहेर आला. मास्तरांनी तो तसाच पाकिटात घालून लाखेची मोहर उठवली आणि समाधानानं चहाचा कप उचलला.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार धाडकन उघडलं. कडेवर धाकटा, ओढणीला दोघं, अशी दहा वर्षांची एक मुलगी धापा टाकत आत शिरली आणि थेट पडद्याकडे धावली.

"अम्मी, हो गई क्या सही? तू जाएगी ना कॉलेज?"