ओवाळायला आणलेली
पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासण्यात मी विमा कंपनीत नऊ वर्षं काढली आहेत, तरी यवतमाळच्या त्या जुन्या गाड्यांच्या दुकानात बाबांनी माझ्या हातात आरतीचं ताट दिलं. माझ्या भावाला, क्षितिजला, वरातीसाठी छत उघडणारी विदेशी गाडी हवी होती. नव्या साध्या गाडीच्या किमतीत ती मिळत होती, म्हणून बाबा निवृत्तीचे सगळे पैसे त्यात घालायला निघाले होते. मी कॉलेजसाठी स्कुटी मागितली तेव्हा हेच बाबा म्हणाले होते, “एसटी आहे ना.” मी ताट बॉनेटवर आपटलं आणि ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पार टोकापर्यंत ओढला. शेवटच्या वितीवर वाळलेला गाळ होता. “बाबा, ही गाडी पुरात बुडून आलेली आहे. हिचं सगळं वायरिंग सडलं असन.” दुकानदार मोबाइलमध्ये पाहायला लागला. “धूळ असन ते,” क्षितिज म्हणाला. बाबा माझ्यावरच भडकले. “अपशकुन कायले करून राह्यली? तुले गाडी पारखाले नाही आणलं, ओवाळाले आणलं!” त्यांनी सहीसाठी पेन काढला. मी ताटातल्या तांब्यात बोट बुडवलं, पट्टा पुन्हा ओढून त्याच्या टोकावर खसाखसा घासलं आणि कुंकवाऐवजी त्या गाळाचा लांब टिळा पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर ओढला. “घ्या, ओवाळली,” मी म्हटलं. “आता करा सही.”