ट्रॉयमधला वन्स मोअर

मनोहररावांच्या पंचाहत्तरीची शांत अमेरिकेतल्या ट्रॉयला केदारच्या बेसमेंटमध्ये झाली आणि होमाच्या धुराने घरातले सगळे अलार्म एकदम कोकलले, त्याच वर्षी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी मनोहरराव भर चर्चमध्ये उभे राहिले आणि सांगलीच्या नाट्यगृहात ओरडावं तसे ओरडले, "वन्स मोअर!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांच्या मुलाला, केदारला, झालं.

चर्चमध्ये ठेवलेल्या त्या संगीताच्या कार्यक्रमाला माणसं मुळात कमी. टाळ्या विरत आल्या होत्या. समोर दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो वाजवणारे चौघे उठायच्या बेतात होते. त्यांनी आत्ता जे वाजवलं ते केदारच्या मुलीने, प्रीताने, लिहिलेलं होतं आणि केदारच्या मते ते संगीत नव्हतं. व्हायोलिनवाल्यांनी तारा खरवडल्या. एकाने गज उलटा धरून लाकडानेच तारा बडवल्या. चेलोवाल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी तर वाद्याच्या पोटावर थापा मारल्या. मांजर कपाटात अडकलं की साधारण असंच ऐकू येतं.

खरं सांगायचं तर केदारला मनातून हायसं वाटलं होतं. बापलेकीचं ठरलेलं होतं. हा कार्यक्रम शेवटचा. यातून काही पुढे सरकलं नाही तर प्रीताने संगीत लिहिणं बंद करायचं आणि सोमवारपासून संजीवकाकाच्या कंपनीत जायचं. संजीव केदारचा कॉलेजचा मित्र, गाड्यांचं सॉफ्टवेअर करायचा. खुर्ची, कॉम्प्युटर, सगळं तयार होतं. आणि पुढे काही सरकणार नव्हतंच. प्रीतानेच सांगितलं होतं, "बाबा, नव्या म्युझिकचं असंच असतं. एकदा वाजतं, सगळे नाइस म्हणतात. सेकंड टाइम कोणी वाजवत नाही."

"बाबा, खाली बसा," केदार दबक्या आवाजात मनोहररावांना म्हणाला. "इथे असं करत नाहीत."

"मग कसं करतात?"

"टाळ्या वाजवून घरी जातात."

"म्हणजे पाहुण्याला एकच पोळी वाढायची?" मनोहरराव म्हणाले. "अरे, आपल्याकडे राजा मरून पडलेला असला तरी वन्स मोअर आला की उठून पद म्हणतो." आणि त्यांनी पुन्हा आरोळी ठोकली.

चेलोवाल्या बाई पहिल्या रांगेत बसलेल्या प्रीताकडे वळल्या. "हे गृहस्थ खरंच पुन्हा वाजवा म्हणतायत?"

"माझे आजोबा आहेत," प्रीता म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "ते सीरियस आहेत."

बाईंनी बाकीच्या तिघांकडे बघितलं. "जन्मभर नवं संगीत वाजवतेय मी. हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं." त्या परत बसल्या. गज उचलला गेला. श्रोत्यांपैकी ज्यांचा एक हात कोटात गेला होता ते तसेच, एका बाहीनिशी, खाली टेकले.

या खेपेला केदारला पुढचं माहीत होतं. आता खरवड येणार, मग थाप. येणार हे माहीत असल्यामुळे तो चक्क तिची वाट बघू लागला. खर्रर्र आलं. मग वरचा एक किंचाळता सूर, मध्यावर येऊन अडखळणारा. केदार ताठ झाला. हे अडखळणं त्याच्या ओळखीचं होतं. गराजच्या दाराचं उजवीकडचं चाक अर्ध्यावर अडकतं ते. मग थाप पडली. ते गाडीचं दार. मग चौघांनी मिळून बोटांनी तारा छेडल्या, हलक्या, भरभर. ती छोट्या प्रीताची मोजे घातलेली पावलं होती, जिन्यावरून धावत खाली येणारी.

रोज संध्याकाळी केदार कामावरून यायचा आणि घराच्या गराजचं दार उघडायचं. आतून ते कसं ऐकू येतं ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो बाहेर, गाडीत असायचा.

बायको राधिका त्याच्या कानाशी वाकली. "किती वर्षं सांगतेय, त्या दाराला ग्रीस घाल."

"आता हात लावायचा नाही त्याला," केदार कुजबुजला.

शेवटचा सूर थांबला तेव्हा टाळ्या आधीपेक्षा बराच जास्त वेळ चालल्या. तिसऱ्या खेपेसाठी केदार उठून तोंड उघडणार, तोच राधिकाने स्वेटर धरून त्याला खाली ओढलं.

पार्किंगमध्येच त्याने संजीवला फोन लावला. "यार, ती खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दे."

प्रीता समोरच उभी होती. "बाबा, आर यू शुअर?"

"नाही," केदार म्हणाला. "पण तू पुढचं लिहायला घे."

घरी जाताना त्याने आरशातून मागच्या सीटवर नजर टाकली. "बाबा, तुम्हाला पहिल्याच वेळी कसं हो कळलं? मला तर नुसता गोंगाट वाटला."

"कान तयार असावा लागतो," मनोहरराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेल्या सुवर्णाबाईंना, म्हणजे केदारच्या आईला, खोकल्याची उबळ आली. ती घर येईपर्यंत थांबली नाही.

खरं काय ते सुवर्णाबाईंनी दुसऱ्या दिवशी चहा गाळताना सांगितलं. तोवर संजीवची खुर्ची भरलीही होती. मनोहररावांनी कानातल्या मशीनला नवी बॅटरी बसवली तेव्हा लोक पहिल्या वेळच्या टाळ्या वाजवत होते; जुनी त्या शनिवारी पहिला सूर लागायच्या आधीच गेली होती.