मधलं दार

समुपदेशक ताईंनी पालकांना मागच्या बैठकीत सांगितलं होतं, "राग अनावर झाला, की मुलाच्या आणि तुमच्यामध्ये दार येऊ द्या. डोकं थंड झालं, की उघडा." आज सुतारदादा उठले. "ताई, रामबाण उपाय! महिनाभर पोरीला बोटसुद्धा लावलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात त्यांची लेक खेळत होती. तिनं बाहुली कपाटात बसवली, दार लोटलं, कडी घातली आणि फटीला तोंड लावून कुजबुजली, "रडू नकोस गं. रडलं की बाबा उशिरा उघडतात." ताईंचं हसू मावळलं. "दादा, दाराच्या आत कोण असतं?" "पोरगीच की! मी आत बसलो तर कामं कोण करणार?" सगळे हसले. दादांनी पिशवीतून नवीकोरी कडी काढली. "कुणाला हवी? फुकट बसवून देतो, बाहेरून." ताई "थांबा" म्हणेपर्यंत निम्मे हात वर गेले होते.